स्वयंसेवी संस्थांचे काम स्थानिक माध्यमांत कसे पोहोचवावे? नाशिक जिल्ह्यातील संस्थांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहरात आणि जिल्ह्याच्या पंधराही तालुक्यांत पाणी, आरोग्य, शिक्षण, वनहक्क, अपंगत्व, महिलांची सुरक्षितता अशा विषयांवर अनेक संस्था वर्षानुवर्षे काम करीत आहेत. त्यातील बहुतेकांकडे प्रसिद्धीसाठी वेगळा माणूस नसतो आणि वेगळा निधीही नसतो. अशा लहान आणि मध्यम संस्थांचे कार्यकर्ते जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

आमचे काम चांगले आहे, तरीही त्याची बातमी का होत नाही?

काम चांगले असणे आणि ते बातमीयोग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्था दहा वर्षे कुपोषणावर काम करीत आहे, ही बातमीदाराच्या दृष्टीने माहिती झाली. एखाद्या पाड्यावरील अंगणवाडीत यंदा काय बदलले, कशामुळे बदलले आणि शेजारच्या पाड्यावर ते का बदलले नाही, यात मात्र बातमी आहे. वाचक वृत्तपत्र उघडतो तो आपल्या गावात, आपल्या तालुक्यात काय घडत आहे हे पाहण्यासाठी. त्यामुळे बातमीच्या केंद्रस्थानी ज्या माणसांबरोबर संस्था काम करते ती माणसे असावी लागतात, आणि संस्थेचे नाव त्यांच्या मागून यावे लागते. आपल्याकडील बहुसंख्य प्रसिद्धीपत्रके या एकाच कारणाने बाजूला पडतात, असे आमचे मत आहे.

मार्च २०१८ मधील शेतकऱ्यांचा लाँग मार्च नाशिककरांनी डोळ्यांनी पाहिला आहे. आदिवासींना ते कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क देणारा वनहक्क कायदा २००६ चा, आणि त्याची अंमलबजावणी ही त्या मोर्चाची एक प्रमुख मागणी होती. त्याखालील दाव्यांसंबंधीची निवेदने त्याआधी कित्येक वर्षे तहसील कार्यालयांत दिली जात होती आणि त्यांच्या बातम्या आतल्या पानावर दोन-चार ओळींत येत होत्या. ६ मार्चला हजारो माणसे नाशिकहून पायी निघाली, त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण येथील आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते, आणि ती मुंबईत पोहोचेपर्यंत सोललेल्या तळपायांची छायाचित्रे देशभर गेली होती. मागणी जुनीच होती, पण तिला माणसाचे रूप मिळाले आणि ते कॅमेऱ्यासमोर आले. प्रत्येक संस्थेने मोर्चा काढावा असा याचा अर्थ नाही. आपल्या कामातील माणूस बातमीदाराला दिसेल अशी व्यवस्था करणे, हे मात्र प्रत्येक संस्थेला करता येण्याजोगे आहे.

नाशिकमध्ये कोणकोणत्या माध्यमांचा विचार करावा?

‘गांवकरी’ आणि ‘देशदूत’ ही नाशिकच्या मातीतील वृत्तपत्रे आहेत. त्याखेरीज ‘लोकमत’, ‘सकाळ’, ‘महाराष्ट्र टाइम्स’, ‘लोकसत्ता’, ‘दिव्य मराठी’, ‘पुढारी’, ‘पुण्यनगरी’ अशा मोठ्या दैनिकांत नाशिकची पाने असतात. आकाशवाणीचे नाशिक केंद्र १०१.४ मेगाहर्ट्झवर ऐकू येते, तर ९०.८ मेगाहर्ट्झवर ‘रेडिओ विश्वास’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. वृत्तवाहिन्यांचे जिल्हा प्रतिनिधी, स्थानिक पोर्टल आणि यूट्यूब वाहिन्या ही यादी त्यापुढे वाढत जाते. मालेगावात काम करणाऱ्या संस्थांनी उर्दू वृत्तपत्रांना वगळू नये. तेथील मोठा वाचकवर्ग उर्दूतच वाचतो आणि मराठी पानावर छापून आलेली लसीकरणाची बातमी त्या घरांपर्यंत पोहोचतेच असे नाही.

एवढ्या सर्वांना एकच मजकूर धाडण्याआधी किमान दोन आठवडे ती वृत्तपत्रे वाचावीत. कोणत्या दैनिकात शेतीचे पान भक्कम आहे, कोठे आरोग्याची पुरवणी येते, कोणता बातमीदार सातत्याने आदिवासी भागाबद्दल लिहितो, हे वाचल्यावाचून कळत नाही. बायलाइनमधील, म्हणजे बातमीसोबत छापलेल्या बातमीदारांच्या, नावांची नोंद ठेवली की पुढे फोन कोणाला करायचा हा प्रश्न सुटतो. सर्व वृत्तपत्रे विकत घेणे परवडत नसेल, तर १८४० पासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा आपल्या गावच्या वाचनालयात बसून हे काम होऊ शकते.

तालुक्याच्या वार्ताहराकडे जावे की थेट नाशिकच्या कार्यालयात?

काम तालुक्यात असेल, तर आधी तालुक्याच्या वार्ताहराकडे जावे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, नांदगाव येथील वार्ताहरांना त्या भागातील रस्ते, पाणवठे, शाळा आणि माणसे ठाऊक असतात. त्यांना डावलून मजकूर थेट नाशिकला गेला, तर तेथील उपसंपादक खातरजमेसाठी बहुतेक वेळा त्यांनाच फोन करतो, आणि त्या क्षणी वार्ताहराला काहीच माहीत नसेल तर बातमी तेथेच थांबते.

याची दुसरी बाजूही संस्थांनी समजून घ्यायला हवी. तालुक्यातील अनेक वार्ताहर पूर्णवेळ नोकरीत नसतात. कोणाचे दुकान असते, कोणाची शेती, कोणी वृत्तपत्राची एजन्सीच सांभाळतो, आणि मिळणारे मानधन पेट्रोललाही पुरत नाही. अशा माणसाला उद्घाटनाच्या दिवशी दोन तास ताटकळत ठेवणे किंवा पाहुण्यांच्या स्वागतात त्याला विसरून जाणे गैर आहे. वर्षभर संपर्क ठेवावा, बातमी नसतानाही भागातील घडामोडी सांगाव्यात, त्याने विचारलेल्या माहितीला वेळेवर उत्तर द्यावे. ज्या संस्थांच्या बातम्या नियमित येतात, त्यांच्यामागे बहुधा असा जुना संबंध असतो.

विषय धोरणाचा असेल, म्हणजे जिल्हा परिषद, महापालिका, वन विभाग किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाशी संबंधित असेल, तर मात्र तो विभाग पाहणाऱ्या नाशिकच्या बातमीदाराशीच बोलावे. तालुक्याची बातमी अनेकदा त्या भागाच्या आवृत्तीपुरतीच छापली जाते आणि शहराच्या अंकात दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ‘बातमी लागलीच नाही’ अशी तक्रार करण्याआधी ई-पेपरवर आपल्या भागाची आवृत्ती उघडून पाहावी.

प्रसिद्धीपत्रक कसे लिहावे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

समजा, पेठ तालुक्यातील एका पाड्यावर संस्थेने झऱ्याचे पाणी अडवून टाकी बांधली आणि नळ बसवले. याचे नेहमीचे प्रसिद्धीपत्रक असे सुरू होते: ‘आमच्या संस्थेच्या वतीने पाणीपुरवठा योजनेचा लोकार्पण सोहळा मान्यवरांच्या शुभ हस्ते मोठ्या उत्साहात संपन्न झाला.’ त्यानंतर व्यासपीठावरील अकरा जणांची नावे, प्रास्ताविक कोणी केले, सूत्रसंचालन कोणी केले, आभार कोणी मानले. पाड्याचे नाव तिसऱ्या परिच्छेदात येते आणि पाणी आल्याने काय झाले हे कोठेच येत नाही. उपसंपादकाकडे संध्याकाळी असे ढीगभर मजकूर पडलेले असतात, आणि त्यातील तारीख व नावे बदलली तर ते एकमेकांच्या जागी चालतील असे असतात.

तीच घटना अशी सांगता येईल: ‘पावसाळ्यात धो-धो पाऊस पडणाऱ्या या पाड्यावर होळी उलटली की विहीर आटत असे आणि बायकांना डोंगर उतरून झऱ्यावर जावे लागत असे. यंदा मे संपत आला तरी पाड्याला टँकर मागवावा लागलेला नाही.’ पुढच्या परिच्छेदात टाकी किती लिटरची, खर्च किती, त्यात लोकवर्गणी आणि श्रमदान किती, देखभाल कोण करणार. त्यानंतर पाड्यावरील एखाद्या बाईचे तिच्याच शब्दांतील वाक्य. संस्थेचे नाव दुसऱ्या परिच्छेदात एकदा आले की पुरे. प्रमुख पाहुण्यांचा उल्लेख शेवटच्या ओळीत करावा, म्हणजे जागा कमी पडल्यास उपसंपादक तेवढाच भाग कापतो आणि बातमीला धक्का लागत नाही.

मजकूर अडीचशे ते तीनशे शब्दांत बसवावा. तो युनिकोडमध्ये टंकलेला असावा; जुन्या फाँटमध्ये केलेला मजकूर किंवा लेटरहेडवर छापलेल्या मजकुराचा फोटो पाठवला, तर समोरच्याला तो पुन्हा टाइप करावा लागतो आणि संध्याकाळच्या घाईत तेवढा वेळ कोणाकडेच नसतो. पीडीएफ सोबत जोडायला हरकत नाही, पण मजकूर ई-मेलमध्येही उघडा द्यावा. खाली एका माणसाचे नाव आणि फोन क्रमांक असावा, आणि त्या माणसाने रात्री नऊपर्यंत फोन उचलावा. आकडे दिल्यास ते कोठून आले हे लिहावे: संस्थेचे सर्वेक्षण, ग्रामपंचायतीची नोंद, की माहिती अधिकारात मिळालेले उत्तर. ‘शेकडो लाभार्थी’ असे लिहिण्यापेक्षा ‘त्रेचाळीस कुटुंबे’ असे लिहिणे केव्हाही चांगले, कारण मोजलेल्या आकड्यावर बातमीदार विश्वास ठेवू शकतो.

छायाचित्र कसे असावे?

बॅनरसमोर रांगेत उभ्या असलेल्या पदाधिकाऱ्यांचे छायाचित्र पाठवू नये. काम चालू असताना काढलेले, माणसांचे चेहरे आणि हात स्पष्ट दिसणारे, आडवे छायाचित्र पाठवावे. व्हॉट्सॲपवर साधे पाठवल्यास त्याचा दर्जा घसरतो, म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ई-मेलने पाठवावे. फोटो ओळ स्वतः लिहून द्यावी: स्थळ, प्रसंग, डावीकडून नावे. बातमीला जागा नसली तरी नेमक्या फोटो ओळीसह आलेले चांगले छायाचित्र अनेकदा एकटेच छापले जाते.

मजकूर कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी पाठवावा?

वृत्तपत्राच्या कचेरीत दुपारनंतर पानांची आखणी सुरू होते आणि बाहेरगावी जाणाऱ्या आवृत्त्यांची पाने शहराच्या पानांआधी सुटतात. म्हणून तालुक्यातील बातमी शक्यतो दुपारी तीनपर्यंत आणि शहरातील बातमी पाचपर्यंत पोहोचावी. रात्री आठला पाठवून दुसऱ्या दिवशी सकाळी वाट पाहणे व्यर्थ आहे. कार्यक्रम संध्याकाळचा असेल, तर पार्श्वभूमीचा मजकूर सकाळीच द्यावा आणि रात्री केवळ दोन ओळी व छायाचित्र पाठवावे.

रविवारी सरकारी कार्यालये बंद असतात, त्यामुळे सोमवारच्या अंकासाठी कचेरीत बातम्यांची चणचण असते. ज्या बातमीला तारखेचे बंधन नाही, ती रविवारी सकाळी देणे शहाणपणाचे ठरते. याउलट १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला वृत्तपत्रांची कार्यालये बंद असल्याने बहुतेक दैनिकांचे अंक दुसऱ्या दिवशी निघत नाहीत. आपल्याकडील कितीतरी संस्था वर्षातील सर्वांत मोठा कार्यक्रम नेमका याच दोन दिवशी ठेवतात, आणि मग तिसऱ्या दिवसाच्या अंकात शाळा-महाविद्यालयांच्या ध्वजवंदनांच्या गर्दीत त्याला दोन ओळी मिळतात. दिवाळी आणि धूलिवंदनाच्या सुट्ट्याही आधीच विचारून घ्याव्यात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पानांचे गणितच बदलते. त्या काळात मोठी बातमी देण्याचे टाळावे.

जागतिक दिन उपयोगी पडतात, परंतु त्यासाठी मजकूर आठवडाभर आधी द्यायला हवा. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनासाठी किंवा ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनासाठी बातमीदार आधीपासून विषय शोधत असतात. त्या दिवशी दुपारी साजऱ्या झालेल्या कार्यक्रमापेक्षा चार दिवस आधी मिळालेल्या खऱ्या माणसाच्या गोष्टीला जास्त जागा मिळते.

पत्रकार परिषद घ्यावी का?

सहसा घेऊ नये. पत्रकार परिषदेसाठी असे काहीतरी हवे, की जे अनेक बातमीदारांना एकाच वेळी सांगणे आणि त्यांनी प्रश्न विचारणे आवश्यक आहे: सर्वेक्षणाचे निष्कर्ष, न्यायालयीन निकाल, आंदोलनाची घोषणा किंवा संस्थेवर झालेल्या आरोपांचे उत्तर. केवळ कार्यक्रमाची माहिती द्यायची असेल तर पत्रक पुरेसे आहे. घ्यायचीच असेल, तर सकाळी अकरा ते दुपारी एकच्या दरम्यान, शहराच्या मध्यभागी घ्यावी, बोलणारे दोघांपेक्षा जास्त नसावेत, आणि ज्यांच्या प्रश्नाविषयी बोलणार आहोत त्यांच्यापैकी एक जण, त्याची तयारी असेल तर, समोर बसलेला असावा.

बातमी एकाच वृत्तपत्राला द्यावी की सर्वांना?

घटना आणि घोषणा सर्वांना एकाच वेळी द्याव्यात. तेथे पंक्तिप्रपंच केल्यास उरलेले बातमीदार दुखावतात आणि त्यांचे दुखावणे रास्त असते. मात्र सखोल विषय, म्हणजे नांदगाव-मालेगावकडील ऊसतोड कुटुंबांच्या मुलांची शाळा कशी सुटते किंवा सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीसाठी येणाऱ्या बायकांच्या राहण्याची सोय काय असते, असा विषय एका जाणत्या बातमीदाराला द्यावा, त्याला वेळ द्यावा आणि तोपर्यंत तो इतरांना देऊ नये. अशी एक सविस्तर बातमी दहा वृत्तपत्रांतील दहा चौकटींपेक्षा जास्त काम करते, कारण ती अधिकारी वाचतात, इतर बातमीदार वाचतात आणि तिचे फॉलोअप होतात.

बातमीदाराला कामाच्या ठिकाणी नेताना काय काळजी घ्यावी?

त्याला लोकांशी मोकळेपणाने बोलू द्यावे. कार्यकर्ता प्रत्येक वाक्यात मध्ये पडून ‘म्हणजे त्यांना असे म्हणायचे आहे’ असे सांगू लागला, की बातमीदाराचा विश्वास उडतो आणि बोलणाऱ्याचा धीरही सुटतो. सुरगाणा-पेठ भागात अनेक वयस्क माणसे आपापसांत कोकणा किंवा वारली बोलतात. तेथे दुभाषी लागला तर तो गावातलाच असावा. आधी पढवून ठेवलेली उत्तरे लगेच ओळखू येतात. एखाद्या बाईने संस्थेच्या कामातील उणीव बोलून दाखवली, तर ती बोलू द्यावी. उणिवेसह आलेली बातमी वाचकाला खरी वाटते.

जाण्या-येण्याची सोय करणे, दुपारचे जेवण देणे यात गैर नाही. पाकीट, भेटवस्तू यात आहे, आणि ते कोणत्याही परिस्थितीत देऊ नये.

ज्यांची गोष्ट सांगायची त्यांची संमती आणि ओळख यांबाबत कोणते नियम आहेत?

या विषयात चूक झाली तर तिची किंमत संस्थेपेक्षा त्या माणसाला जास्त मोजावी लागते, म्हणून येथे कोणतीही ढिलाई नको.

लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ ने बंदी आहे. यात केवळ नाव येत नाही. पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार, ज्यावरून ओळख पटू शकेल असे काहीही येते. बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, तसेच कायद्याशी संघर्षात आलेल्या बालकांना असेच संरक्षण देते. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींच्या माहितीची गोपनीयता २०१७ च्या कायद्याने जपली आहे, आणि त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही.

कायद्याचे शब्द शहरात पुरतात, पण पाड्यावर त्यांच्याही पुढे जावे लागते. पन्नास घरांच्या वस्तीचे नाव आणि ‘नववीत शिकणारी मुलगी’ एवढे छापले, तर नाव न घेताही ती कोण हे आठवडी बाजारात प्रत्येकाला कळते. अशा वेळी तालुक्याचेही नाव देऊ नये, वय आणि इयत्ता मोघम ठेवावी, आणि बातमीदाराला याचे कारण आधीच समजावून सांगावे. बहुतेक बातमीदार ते मान्य करतात. जो करीत नाही त्याला ती गोष्ट देऊ नये.

जेथे कायद्याची बंदी नाही तेथेही संमती घ्यावी, आणि ती खरी असावी. संस्थेकडून मदत मिळणारी बाई संस्थेच्या कार्यकर्त्याला ‘नाही’ म्हणू शकते का, याचा विचार करावा. तिला स्वच्छ सांगावे की बातमी छापली गेली की ती मोबाइलवर फिरेल, माहेर-सासरचे लोक ती वाचतील, कदाचित पाच वर्षांनीही ती सापडेल, आणि तिने नकार दिला तरी तिची मदत बंद होणार नाही. विचार करायला तिला एक दिवस द्यावा. दुसऱ्या दिवशी तिने नकार दिला, तर बातमीदाराला तसे कळवावे आणि त्याची नाराजी सोसावी.

बातमीसाठी पैसे मागितले तर काय करावे?

जाहिरात विकत घ्यायची असेल, तर ती जाहिरात विभागाकडून, दरपत्रक पाहून, पावती घेऊन घ्यावी. संस्थेच्या लेखापरीक्षणात तो खर्च जाहिरात म्हणून दिसला पाहिजे. बातमीच्या रूपात छापला जाणारा मजकूर पैसे देऊन छापून घेणे मात्र वाचकाची फसवणूक आहे. जाहिरातीचा मजकूर बातमीपासून स्पष्टपणे वेगळा दिसला पाहिजे, अशी भारतीय प्रेस परिषदेची, म्हणजे वृत्तपत्रांच्या आचरणावर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलची, भूमिका आहे. देणगीदारांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने ही रेषा काटेकोरपणे पाळावी.

तालुक्यातील वार्ताहरांवर पुरवणीसाठी जाहिराती आणण्याचे दडपण असते, आणि वर्धापनदिनी ते संस्थेकडेही विचारणा करतात. त्यांचा अपमान न करता, संस्थेच्या ठरावानुसार जाहिरातींसाठी निधी ठेवलेला नाही, असे नम्रपणे सांगावे. असा ठराव विश्वस्त मंडळाने खरोखरच करून ठेवलेला असला, तर कार्यकर्त्याची अडचण होत नाही.

बातमीमुळे प्रशासन नाराज झाले तर?

ही भीती खरी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या संस्थेला तेथील अधिकाऱ्यांच्या सहकार्याशिवाय एक पाऊलही टाकता येत नाही. त्यावर गप्प बसणे हा उपाय नव्हे. बोलण्याची शिस्त पाळणे हा आहे. जो प्रश्न माध्यमांपुढे न्यायचा, तो आधी संबंधित कार्यालयाला लेखी कळवावा, पोचपावती घ्यावी आणि वाजवी वेळ द्यावा. नंतर बातमीदाराला तो पत्रव्यवहार दाखवावा आणि अधिकाऱ्याची बाजू घेण्यास आपणच सुचवावे. बातमीत व्यक्तीवर रोख नसावा, व्यवस्थेतील नेमक्या अडचणीवर असावा: औषध कोणत्या महिन्यापासून आले नाही, शिक्षकाचे पद केव्हापासून रिक्त आहे. आणि काम झाल्यावर त्याचीही बातमी तितक्याच तत्परतेने द्यावी. अधिकाऱ्यांच्या लक्षात ते राहते.

रेडिओचा उपयोग करता येईल का?

नक्कीच, आणि बहुतेक संस्था तो करीत नाहीत याचे वाईट वाटते. ज्यांना वाचता येत नाही किंवा ज्यांच्या घरी वृत्तपत्र येत नाही, त्यांच्यापर्यंत रेडिओ जातो. मात्र सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या प्रसारित करण्याची परवानगी नाही, म्हणून तेथे ‘बातमी’ घेऊन जाऊ नये. मुलाखत, आरोग्यविषयक माहिती, योजनेचा अर्ज कसा भरावा, लोकगीते, अनुभवकथन असा कार्यक्रम सुचवावा. करोनाकाळात शाळा बंद असताना ‘रेडिओ विश्वास’ने जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांतील विद्यार्थ्यांसाठी ‘शिक्षण सर्वांसाठी’ हा उपक्रम चालवला, त्यात शिक्षकांनी ध्वनिमुद्रित केलेले पाठ ऐकवले जात; माध्यम आणि समाजातील माणसे एकत्र आल्यावर काय होऊ शकते, याचे ते आपल्याच शहरातील उदाहरण आहे. आकाशवाणीकडे जाताना विषय, बोलणारी व्यक्ती आणि कालावधी लिहून पुरेसा आधी अर्ज द्यावा.

यूट्यूब वाहिन्या आणि पोर्टल यांना मजकूर द्यावा का?

द्यावा, पण निवडून. आधी त्यांच्या जुन्या चित्रफिती पाहाव्यात. जेथे पीडितांचे चेहरे उघडे दाखवले जातात किंवा शीर्षके भडक असतात, तेथे जाऊ नये. बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची छोटी प्रतिक्रिया, देताना एकच मुद्दा, अर्ध्या मिनिटात, आकड्यासह सांगावा.

बातमीदार फोन उचलत नाही किंवा मजकूर छापला जात नाही, तेव्हा काय करावे?

पत्रक पाठवल्यावर एकदा फोन करावा, ‘मिळाले का, आणखी काही हवे का’ एवढे विचारावे आणि थांबावे. ‘का लावली नाही’ असा जाब विचारू नये आणि संपादकांकडे तक्रार तर मुळीच करू नये. महिन्याभराने नवा मुद्दा घेऊन पुन्हा जावे. दरम्यान वाचकांच्या पत्रव्यवहारात पत्र लिहिता येते, पुरवणीसाठी लेख देता येतो. अनुभवावर आधारलेला, पाचशे शब्दांचा, नेटका लेख सहसा परत येत नाही.

चुकीची बातमी छापून आली तर?

आकडा किंवा नाव चुकले असेल, तर त्याच दिवशी बातमीदाराला फोन करून दुरुस्ती सांगावी. बहुतेक प्रकरणे तेथेच मिटतात. संस्थेच्या प्रतिष्ठेला धक्का लावणारा मजकूर असेल, तर संपादकांच्या नावे मुद्देसूद खुलासा पाठवावा, त्याला कागदपत्रे जोडावीत आणि तो छापण्याची विनंती करावी. नोंदणी, लेखापरीक्षण अहवाल, धर्मादाय आयुक्त कार्यालयात सादर केलेले हिशेब हे सर्व एका फायलीत तयार असावे, कारण आरोपाला उत्तर देण्यासाठी हाती एकच दिवस असतो. तरीही दाद लागली नाही, तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिक आणि साप्ताहिकाच्या बाबतीत ती प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते आणि त्याआधी संपादकांशी पत्रव्यवहार झालेला असावा लागतो. कौन्सिल ताकीद देऊ शकते, नापसंती व्यक्त करू शकते. दंड करू शकत नाही. वृत्तवाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत.

२०२७ च्या सिंहस्थात आमच्या विषयांना जागा उरेल का?

कुंभमेळ्याच्या काळात स्थानिक पाने त्याच विषयाने भरून जातील, हे उघड आहे. ज्या कामांचा सिंहस्थाशी संबंध नाही, त्यांच्या मोठ्या बातम्या त्याआधीच देऊन टाकाव्यात. ज्यांचा संबंध आहे त्यांच्यासाठी मात्र ही मोठी संधी आहे, कारण देशभरातील बातमीदार त्या वेळी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरात असतील आणि शाहीस्नानापलीकडचे विषय त्यांनाही हवे असतील. गोदावरीचे पाणी, सफाई कामगारांची सुरक्षितता, गर्दीत हरवणारी मुले आणि वृद्ध, रामकुंड परिसरातील लहान विक्रेत्यांचे विस्थापन, अपंग भाविकांची सोय, या विषयांवर काम करणाऱ्या संस्थांनी आतापासूनच नोंदी, छायाचित्रे आणि आकडे गोळा करून ठेवावेत. बाहेरून येणाऱ्या बातमीदाराला शहर माहीत नसते, आणि तो पहिला फोन स्थानिक बातमीदाराला करतो. म्हणून नाशिकच्या बातमीदारांकडे आपला विषय आणि आपला संपर्क क्रमांक मेळ्याच्या बऱ्याच आधी पोहोचलेला असावा.

यासाठी वेगळा माणूस नेमावा लागेल का?

लहान संस्थेला त्याची गरज नाही. मराठी नीट लिहिणारा एक कार्यकर्ता आठवड्यातून अर्धा दिवस देऊ शकला तरी हे काम चालते. एच. पी. टी. महाविद्यालयात पत्रकारितेचा विभाग आहे. तेथील विद्यार्थ्यांना लिहिण्यासाठी खरे विषय हवे असतात आणि विभागप्रमुखांना पत्र लिहून त्यांची मदत मागता येते. विद्यार्थी बदलत राहतात, म्हणून बातमीदारांची यादी, पाठवलेली पत्रके, छापून आलेली कात्रणे आणि संमतीपत्रे मात्र संस्थेच्याच ताब्यात, तारीखवार लावून ठेवावीत.